आत्ता की पाच मिनिटांनी?

बायको प्रशिक्षणाला निघाली तर नवऱ्याने शुभेच्छा द्याव्यात, डबा भरून द्यावा, फार तर छत्री शोधून द्यावी. पण "माझी काही मदत होणार असेल तर सांग" हे वाक्य चुकूनही उच्चारू नये. मी उच्चारलं. तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि माझं निम्मं लक्ष हवामानाच्या अंदाजाकडे होतं. लग्नाला तीस वर्षं झाली की अशी वाक्यं तोंडातून आपोआप पडतात आणि समोरचा माणूसही ती आपोआप खाली पडू देतो. हिने मात्र ते वरच्यावर झेललं.

"खरंच?" ही म्हणाली.

"अगं, खरंच म्हणजे काय," मी म्हणालो आणि पान उलटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची ही बालवाडीत शिकवते. छोटा गट. म्हणजे बूट उलटे घालणारी, डबा उघडून दे म्हणणारी आणि एकाने आईच्या नावाने सूर लावला की बाकीच्यांनी साथ धरणारी मंडळी. वीसेक वर्षं हा गट हिच्याकडे आहे. रस्त्यात एखादा चांगला दाढीमिशीवाला गडी थांबून "बाई!" म्हणतो आणि ही त्याला ओळखून विचारते, "काय रे, अंगठा चोखायची सवय गेली का?" शेजारी त्याची होणारी बायको उभी असते. मी अशा वेळी दुकानाच्या पाट्या वाचतो.

तर यंदा वरून पत्रक आलं. (पत्रक नेहमी वरूनच येतं. खालून वर गेलेलं पत्रक मी एवढ्या नोकरीत पाहिलेलं नाही.) सर्व बालशिक्षिकांनी नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घ्यावं, शेवटी आपल्या वर्गात पाठ घेऊन दाखवावा, आणि जी उत्तीर्ण होणार नाही तिला वर्गावर ठेवू नये. मुख्याध्यापिकाबाईंनी हे सांगताना हिच्या हातावर हात ठेवला म्हणे. "काळजी करू नका हो, ऑफिसात एक टेबल रिकामं आहेच."

ते टेबल मी पाहिलंय. त्याच्यावर एक बिघडलेला पंखा ठेवलेला असतो.

त्या संध्याकाळी भांडी लावता लावता ही मधेच थांबली आणि म्हणाली, "मला त्या पंख्याशेजारी नेऊन बसवतील हो." मी विमा कचेरीतला माणूस. माझा सगळा जन्म टेबलापाशी बसून गेला, त्यामुळे टेबलात एवढं वाईट काय ते मला चटकन कळेना. पण हिच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प राहिलो. एवढं तीस वर्षांत शिकलोय.

पहिल्या चाचणीत ही नापास झाली होती, ही खरी भानगड. प्रशिक्षिका म्हणून आलेली मुलगी आमच्या मुलापेक्षाही लहान. ती वर्गात मागे बसली, वहीत रेघोट्या ओढत राहिली आणि शेवटी गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही 'नाही' आणि 'नको' फार वेळा म्हणता."

"अहो, तो खडू खात होता!"

"मग म्हणायचं, 'खडू लिहिण्यासाठी असतो.'"

"तोवर त्याने गिळला असता."

"तेही त्याचं शिकणंच असतं ना," ती मुलगी म्हणाली. हे हिने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा हिच्या हातात लाटणं होतं, म्हणून मी त्या मुलीच्या बाजूने एक अक्षर बोललो नाही.

नवी पद्धत अशी की मुलाला 'नाही' म्हणायचं नाही, 'शाब्बास'ही म्हणायचं नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते आधी ओळखायचं आणि त्याला बोलून दाखवायचं. मग हुकूम न सोडता दोन पर्याय द्यायचे. दोन्ही आपल्या सोयीचे. निवडल्याचं समाधान त्याला आणि काम आपलं. ऐकताना मला हे आमच्या विमा योजनांसारखं वाटलं, पण तेही मी बोललो नाही.

मदतीचा पहिला हप्ता साहित्याचा. पाठासाठी टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक साधनं करायची होती. खोक्यांची आगगाडी आणि पुठ्ठ्याचा एक मोठा सूर्य. "दोन-चार खोकी मिळाली तर बघा," ही म्हणाली. मी ते जिन्यात, अगदी सहज, शेजारच्या पोस्टमास्तरांच्या कानावर घातलं. पोस्टमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आलेली बातमी घरोघर पोचवण्याची सवय काही सुटलेली नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडतो तर बाहेर खोक्यांची भिंत. बाटल्यांची बुचं, फुटकी छत्री, एका पायाची खुर्ची, आणि कुणाच्या तरी दिवंगत कुत्र्याचं घर. शिक्षणाच्या नावाखाली अख्ख्या इमारतीने माळे साफ केले होते. परत न्या म्हणावं तर खालच्या वहिनी म्हणतात, "असू दे हो, मुलांच्या उपयोगी पडेल." बंद पडलेला एक हेअर ड्रायर मुलांच्या कसा उपयोगी पडेल ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. सामायिक जागेत अडगळ ठेवल्याबद्दल. नोटिशीवर ज्या सद्गृहस्थांची सही होती त्यांचंच ते कुत्र्याचं घर होतं. हे मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणलं तर ते म्हणाले, "ते मी माणूस म्हणून दिलं. नोटीस सेक्रेटरी म्हणून दिली." अशा तत्त्वनिष्ठ माणसापुढे बोलणार काय? सगळं सामान उचलून मी घरात घेतलं आणि त्यानंतर आम्ही घरात आडवे होऊन चालू लागलो.

इथपर्यंत सगळं अंगमेहनतीवर भागलं. पुढचा हप्ता अब्रूचा होता.

"मला सराव करायला कुणीतरी मूल हवंय," ही एक दिवस म्हणाली.

"खालच्या वहिनींची नात आहे की."

"ती शहाणी आहे. मला हट्टी, चिडकं, कुणाचं न ऐकणारं हवंय." आणि ही माझ्याकडे बघत राहिली.

मी माझं वय सांगितलं. कचेरीत माझ्या सहीवाचून फाईल हलत नाही हेही सांगितलं. ही शांतपणे माझ्यासमोर खाली बसली, डोळ्यांना डोळे भिडवले आणि म्हणाली, "तुला अवघडल्यासारखं वाटतंय. तसं वाटणं ठीक आहे."

तुला! तीस वर्षांत या बाईने मला 'अहो'च्या खाली उतरवलेलं नव्हतं. भांडणातसुद्धा "अहो, तुम्हाला अक्कल आहे का" असंच सन्मानाने विचारलं जाई. 

"तुला निळ्या स्टुलावर बसायचंय की सतरंजीवर?"

"सतरंजीवर," मी म्हणालो. आणि बसलोही. बसल्यावर लक्षात आलं की मुळात मला कुठेच बसायचं नव्हतं.

त्यानंतर घरात राहणं अवघड झालं. जेवताना "तुला कोबी आधी वाढू की फ्लॉवर?" असा प्रश्न यायचा आणि मी विचार करून, अगदी अधिकाराने "फ्लॉवर" म्हणायचो. पापड नावाची गोष्ट पर्यायांत येतच नसे. बँकेत आज जायचं की उद्या सकाळी, असं विचारल्यावर मी "उद्या" म्हणून स्वतःला मोकळा समजायचो आणि उद्या बँकेच्या रांगेत उभा असायचो. मला सर्वांत जास्त राग याचा यायचा की ही पद्धत लागू पडत होती.

एका रविवारी हिने आक्रस्ताळेपणाचा सराव काढला. "जमिनीवर पडा, हातपाय आपटा, रडा. मी शांत राहून दाखवते." मी आधी खोकल्यासारखं काहीतरी केलं. "असं कुठलं मूल रडतं?" ही म्हणाली. मग मलाही चेव आला. सेक्रेटरींची नोटीस आठवली, कोबी आठवला, आणि मी सतरंजीवर उताणा पडून जे काही भोकाड पसरलं, त्यात खोटं फारसं नव्हतं. टाचा दुखेपर्यंत आपटल्या. ही माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणत होती, "मी इथेच आहे तुझ्याजवळ." डोळे उघडले तर दारात पोस्टमास्तर. हातात आणखी एक खोकं.

त्यांनी खोकं अलगद खाली ठेवलं, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि गेले.

संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन मतं झाली. निम्म्यांच्या मते मला झटके येतात आणि निम्म्यांच्या मते ही मला मारते. खालच्या वहिनींनी डॉक्टरांचा पत्ता आणून दिला. पोस्टमास्तर जिन्यात माझा खांदा दाबून म्हणाले, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. वर्गात एक पट्टी असायची, पुरायची. पण तुम्ही सहन करताय, मानलं तुम्हाला." मी प्रशिक्षणाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. ती मान बघून मला कळलं की एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलेलं नाही.

कचेरीत तर त्याहून वरचं झालं. साहेब कसल्याशा फाईलवरून तापले होते, टेबलावर हात आपटत होते. रोज कानावर पडणारं माणसाच्या जिभेवर बसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुम्हाला राग आलाय. राग येणं ठीक आहे."

सगळ्या कचेरीच्या माना माझ्याकडे वळल्या. इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शिकवलेलं अर्धवट सोडायची मला सवय नाही. मी पुढे विचारलं, "फाईल आत्ता हवी की जेवणानंतर?"

मला मिळालेल्या मेमोत 'उद्धट' आणि 'अनाकलनीय' असे दोन शब्द आहेत. माझ्या सबंध नोकरीतला हा पहिला मेमो. घरी येऊन मी तो हिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "बास. आता मी नाही." ही त्यावर काही पद्धत काढील म्हणून मी तयारीतच होतो. पण ही खोक्याला चाकं चिकटवत होती, ती चिकटवतच राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझंही तोंड वळत नाही हो. वर्गात गेले की 'नाही'च येतं पहिल्यांदा. एवढ्या वर्षांची सवय. या वयात जाईल का?" हाताला सगळा गोंद लागला होता आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी रुमाल दिला. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा सतरंजीवर.

पाठाच्या दिवशी मी रजा टाकली. मेमोनंतर ती फार आनंदाने मंजूर झाली. आगगाडी आणि सूर्य घेऊन मी बालवाडीत पोचलो, सामान ठेवून निघणार एवढ्यात कागदपत्रांत एक रकाना निघाला: पालक सहभाग. पाठाच्या वेळी एक पालक वर्गात हजर हवाच, नाहीतर पाठ धरणार नाहीत. जी आई येणार होती तिचा नुकताच फोन आला होता, कामावरून सोडत नाहीत म्हणून. मुख्याध्यापिकाबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"माझं मूल इथे शिकत नाही," मी म्हणालो.

"पण मूल आहे ना कुठेतरी?"

"आहे. तो इंजिनियर आहे."

"मग झालं तर. पालक, एवढंच लिहिलंय," असं म्हणून त्यांनी मला एका खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची माझ्या एका पायाला पुरली असती. गुडघे हनुवटीला टेकवून मी बसलो. भिंतीशी दप्तरांच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र. मला बदकाखाली बसवलं होतं.

जी आई येऊ शकली नाही तिची मुलगी म्हणजे भिंगरी. वर्गात सगळे तिला याच नावाने ओळखतात, कारण ती एका जागी ठरत नाही. आज आपली आई येऊन सगळ्यांसमोर बसणार, हे तिने सकाळपासून प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. तिने दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आईच्या जागी हा असला म्हातारा पाहून तिने काय विचार केला असेल तो केला असेल. तिने पुठ्ठ्याचा सूर्य उचलला आणि ती टेबलाखाली जाऊन बसली.

सूर्याशिवाय पाठ सुरू होत नव्हता. ही टेबलापाशी गेली. "भिंगरी, बाहेर ये," म्हणाली. "नाही!" आतून आवाज आला. मुलांना 'नाही' म्हणायची परवानगी आहे. हिने तोंड उघडलं. मागे प्रशिक्षिकेने पेन उचललं. ही तशीच थांबली. एवढे दिवस मला ऐकवून ऐकवून पाठ केलेलं एकही वाक्य हिला आठवेना. जुनं बोलायचं नाही आणि नवं येत नाही, अशी ही भर वर्गात हातांची चाळवाचाळव करत उभी. हिचा तो चेहरा मी भांडी लावतानाच्या संध्याकाळी पाहिला होता, आणि तो मला आता बघवेना.

मी उठलो आणि सरळ टेबलाखाली शिरलो. का, ते विचारू नका. हट्टी मुलाचा मला चांगला सराव झाला होता, एवढंच. वाटलं, आत जाऊन दोन शब्द सांगावेत, सूर्य मिळवावा, बाहेर यावं. आत अर्धा गेलो आणि कमरेत उसण भरली. अशी की पुढे होता येईना, मागे होता येईना, आणि माझा मागचा भाग सगळ्या वर्गाला दर्शन देत बाहेर.

"अहो, बाहेर या," ही घाबरून म्हणाली.

"येता येत नाही."

"म्हणजे?"

"कंबर!"

 मुलांनी पोटावर झोपून टेबलाखाली बघायला सुरुवात केली. भिंगरी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. तिने माझ्या कपाळावरचा घाम बघितला. मग थेट डोळ्यांत बघितलं, अगदी आमची ही बघते तसं.

"आजोबा, तुला भीती वाटतीय?"

मी 'आजोबा'वर हरकत घेणार होतो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. "हो," मी म्हणालो.

"भीती वाटली तर चालतं," ती म्हणाली. "मी इथेच आहे तुझ्याजवळ." थोडा वेळ ती खरोखरच नुसती बसून राहिली. मग तिने विचारलं, "आत्ता बाहेर यायचंय की पाच मिनिटांनी?"

"पाच मिनिटांनी," मी म्हणालो. आयुष्यात एवढा मनापासून पर्याय मी कधी निवडला नव्हता.

"बरं. तोवर हा धर." आणि तिने सूर्य माझ्या हातात दिला.

लहान मुलांची पाच मिनिटं चटकन होतात. "झाली!" म्हणून तिने सगळ्यांना हाक मारली. तोवर हिला सूर सापडला होता. ही गुडघे टेकून माझ्याशेजारी आली आणि शांत आवाजात म्हणाली, "आजोबांचा डावा पाय आधी ओढू या की उजवा?" डाव्याच्या बाजूने बहुमत पडलं. मग एकाने सुचवलं, आगगाडीला जोडून ओढू. मग सगळे मिळून मोजत, ढकलत, "जोर लावा" करत मला बाहेर काढू लागले. एवढ्या वेळात 'नाही' कुणीच म्हणालं नाही; मी दोनदा म्हणालो, पण ते वेदनेने. बाहेर आलो तेव्हा सूर्य जरा चेपला होता. भिंगरीने तो हिच्याकडे दिला आणि आपणहून गाडीच्या डब्यात बसली. आगगाडी निघाली.

पाठ संपल्यावर प्रशिक्षिकेने हिला बाजूला बोलावलं. मी बदकाखाली आडवा होतो, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"तिला ही वाक्यं आजच्यासाठी शिकवून ठेवली होती का?"

"नाही हो," ही म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे... मी रोज म्हणायचा प्रयत्न करते. मला नीट जमत नाही अजून. तिला कधी जमलं ते मलाच कळलं नाही."

ती मुलगी हसली. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही फिरवून हिच्यापुढे धरली. उत्तीर्ण. छोटा गट हिच्याकडेच राहणार होता. खाली शेऱ्यात एक ओळ होती: 'पालकाने पाठात विनाकारण व्यत्यय आणला, पालकास मार्गदर्शनाची गरज आहे.' महिन्याभरात हा माझ्यावरचा दुसरा लेखी शेरा.

संध्याकाळी घरी आलो. मी भिंतीला धरून आत शिरलो. ही दारातल्या खुर्चीवर बसली ती बसलीच. पायांतल्या चपला तशाच, खांद्यावरची पिशवी तशीच. मला वाटलं होतं, ही आनंदाने सगळ्यांना फोन करील. ही समोरच्या कुत्र्याच्या घराकडे बघत होती.

एरवी अशा वेळी मी "चहा?" असं म्हणतो. त्याचा अर्थ 'चहा टाक' असा असतो आणि ही उठते. तीस वर्षं उठते आहे. त्या दिवशीही तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण मी हिच्याकडे बघितलं, आणि शेजारी स्टूल ओढून म्हणालो, "तू दमलीयस."

हिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"दमणं ठीक आहे," मी म्हणालो.

मला वाटलं, ही हसेल. पण हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "खूप दमले हो," ही म्हणाली. "पंख्याची फार भीती वाटत होती."

मी हिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "चहा आत्ता करू की पाच मिनिटांनी?"

"पाच मिनिटांनी," ही म्हणाली. "तोवर बसा इथंच."

मी बसलो. बसल्यावर लक्षात आलं की कमरेने पुन्हा धरलंय आणि आता चहा करायला काही मला उठता येणार नाही. पण ते पाच मिनिटांनी सांगू म्हटलं.